परत आलेले बत्तीस वॅट

बरेच शनिवार-रविवार या विषयावर लिहीन लिहीन म्हणतोय. दर वेळी वाटायचं, रेडिओच्या अँटेनाबद्दल वाचणार कोण? पण मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये एका डॅशबोर्डवरून वाद झाला आणि मला राहून राहून चिपळूणच्या आत्याच्या गच्चीवरचा एक काटा आठवत राहिला. तेव्हा आज लिहूनच टाकतो. गणित आहे, पण बेरीज-वजाबाकीच्या फार पुढे जाणार नाही. पळू नका.

आधी थोडी पार्श्वभूमी. हॅम रेडिओ म्हणजे दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःचा ट्रान्समीटर चालवायचा छंद. (हो, २०२०नंतरच्या जगातसुद्धा लोक हे करतात. हो, माझ्याकडे मोबाइल आहे.) ट्रान्समीटरमधून निघालेली पॉवर एका कोएक्स केबलमधून अँटेनाकडे जाते. कोएक्स म्हणजे केबल टीव्हीची असते तसलीच, पण जरा जाड आणि ७५ऐवजी ५० ओहमची. अँटेनासुद्धा ५० ओहमची 'दिसली' तर सगळी पॉवर ती घेते. नाही दिसली, तर काही भाग परत फिरतो. मध्ये एक मीटर लावलेला असतो, तो दोन आकडे दाखवतो: जाणारी पॉवर आणि परत येणारी पॉवर. या दोघांवरून एक गुणोत्तर निघतं, त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. १ म्हणजे काहीच परत येत नाही. १.५ला ४ टक्के परत येते, २ला ११ टक्के, ३ला २५ टक्के.

इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे. बहुतेक नवे हॅम (आणि खरं सांगायचं तर बरेच जुनेही) दोन गोष्टी धरून चालतात. एक, परत आली ती पॉवर वाया गेली. दोन, परत काही येत नाही म्हणजे अँटेना उत्तम. दोन्ही ऐकायला इतक्या बरोबर वाटतात की कोणी तपासायला जात नाही. आमच्या घरात मात्र या दोन्हींवरून एकेकदा चांगलीच जुंपली.

आमच्या घरात म्हणजे माझी आणि दादाची. दादा आत्याचा मुलगा. लोट्याच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. प्रेशर, टेंपरेचर, फ्लो, सगळी मीटरं लावणं, तपासणं, कॅलिब्रेट करणं, हेच त्याचं पंचवीस वर्षांचं काम. माणसावर विश्वास ठेवणार नाही, मीटरवर ठेवेल. (मीटरवरही कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट बघून.)

आम्ही दोघं या छंदात पडलो ते हौसेनं नव्हे. २२ जुलै २०२१ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं. आत्याचं घर खालच्या बाजूला. ती आणि दादा वरच्या मजल्यावर सुखरूप होते, पण हे आम्हाला पुण्यात दीड दिवसानं कळलं. तो दीड दिवस बाबा हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते आणि दर पाच मिनिटांनी तोच नंबर लावत होते. त्यावर जास्त लिहीत नाही. नंतर मी आणि दादा अभ्यासाला बसलो, परीक्षा दिली, परवाने आले आणि मे २०२२मध्ये आत्याच्या गच्चीवर दोन अँटेना चढल्या. एक पुण्याशी बोलायला, ७ मेगाहर्ट्झची. पुणे-चिपळूण सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये सह्याद्री आडवा. ७ मेगाहर्ट्झवर लाट जवळजवळ सरळ वर जाते, आयनोस्फिअरवरून खाली येते आणि दिवसा या अंतरावर छान चालते. दुसरी छोटी, १४५ मेगाहर्ट्झची, तालुक्यातल्या तालुक्यात बोलायला.

पहिलं भांडण मोठ्या अँटेनावरून झालं. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलला साधारण वीस मीटर तार लागते. गच्ची तेवढी लांब नाही. शिवाय मे महिना, म्हणजे निम्म्या गच्चीवर आत्याची साठं वाळत घातलेली. "तुमच्या तारा माझ्या ताटांवर पडल्या तर बघा!" तेव्हा तारेची दोन्ही टोकं वाकवून एक आंब्याकडे आणि एक माडाकडे नेली. असल्या वेड्यावाकड्या तारेची एसडब्ल्यूआर ३ आली यात नवल नव्हतं. आम्ही रेडिओ आणि केबल यांच्यामध्ये अँटेना ट्यूनर बसवला आणि मीटर लावला तो ट्यूनरच्या पलीकडे, अँटेनाच्या बाजूला.

रेडिओ शंभर वॅटचा. दादानं बटण दाबलं. मीटरनं दाखवलं: जाणारी १३०, परत येणारी ३२.

"थांब, थांब," दादा म्हणाला. "शंभरच्या रेडिओतून एकशेतीस कशी निघेल? हा मीटर गंडलाय. आणि गंडला नसेल तर बत्तीस वॅट परत येतायत, रेडिओ जळेल. बंद कर आधी."

मीटर गंडला नव्हता. १३०मधून ३२ वजा करा. ९८. रेडिओ शंभर देतोय, मीटर मोजताना एक-दोन वॅट इकडेतिकडे होतात आणि थोडी उष्णता ट्यूनरमध्ये जाते. हिशोब जुळतो. म्हणजे तिथून पुढे जवळजवळ सगळे शंभर वॅट जातायत आणि थांबतायत.

मग हे बत्तीस कुठले? समजा तुम्ही रोज दुकानात शंभर रुपयांचं सामान घेता. पण दुकानदाराला सवय अशी की जेवढे पैसे द्याल त्यातले पंचवीस टक्के तो परत करतो. पहिल्या दिवशी शंभर दिले, पंचवीस परत आले. ते खिशात राहिले. दुसऱ्या दिवशी घरून शंभर घेतले, खिशातले पंचवीस मिळवून सव्वाशे दिले, सव्वाएकतीस परत आले. तिसऱ्या दिवशी १३१ दिले... असं करत करत गाडी १३३ आणि ३३ला येऊन थांबते. आता रोज १३३ द्यायचे, ३३ परत घ्यायचे. घरून निघतात शंभरच, दुकानदाराकडे राहतात शंभरच. ते ३३ नुसते खिसा ते गल्ला फिरत राहतात. (लाटांमध्ये मिळतात ती व्होल्टेज, वॅट नव्हेत, त्यामुळे मधल्या पायऱ्या अशाच पडत नाहीत. पण शेवटी स्थिरावतो तो आकडा हाच.) इथला खिसा म्हणजे ट्यूनर. परत आलेली लाट त्याच्यापाशी पुन्हा उलटते आणि नव्या लाटेबरोबर अँटेनाकडे जाते. रेडिओच्या बाजूनं बघितलं तर तिथे शंभर जाते आणि शून्य परत येते. मीटर उचलून रेडिओ आणि ट्यूनरच्या मध्ये लावला तेव्हा नेमकं हेच दिसलं. काटा हललासुद्धा नाही.

फुकट काहीच नसतं, तेव्हा दंड किती हेही सांगतो. ते ३२ वॅट केबलमधून पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर फेरीला थोडी उष्णता देतात. आमची केबल जाड, पंधरा मीटर. ७ मेगाहर्ट्झवर तिच्यातून १०० पैकी ९० वॅट तारेपर्यंत पोचतात. सगळं अगदी तंतोतंत जुळलं असतं तर ९४ पोचले असते. चार वॅटचा फरक. पुण्यात ऐकणाऱ्या माणसाला तो कधीच कळणार नाही. त्या चार वॅटसाठी दादा माडावर चढायला निघाला होता.

हे सगळं काही नवीन नाही. वॉल्टर मॅक्सवेल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं १९७३पासून 'क्यूएसटी' मासिकात एक लेखमालाच लिहिली होती आणि १९९०मध्ये त्याचं पुस्तक निघालं, 'रिफ्लेक्शन्स'. पहिल्या प्रकरणाचं नावच मुळी 'एसडब्ल्यूआर फारच कमी असली तर जीव जाऊ शकतो' अशा अर्थाचं. पन्नास वर्षं झाली, तरी परत येणारी पॉवर रेडिओत घुसून त्याला जाळते ही समजूत आहे तिथेच आहे.

मग ट्यूनर नसताना एसडब्ल्यूआर ३ झाली की आजकालचे रेडिओ आपणहून पॉवर कमी का करतात? कारण ट्रान्झिस्टरला पॉवर मागे आलेली दिसत नाही, त्याला दिसतो तो भार. एसडब्ल्यूआर ३ म्हणजे तो भार १५० ओहमचा असू शकतो किंवा १७ ओहमचासुद्धा, किंवा मधलं काहीही. १५०ला व्होल्टेज चढतं, १७ला करंट. आणखी मजा अशी की ७ मेगाहर्ट्झवर साधी कोएक्स सातएक मीटरनं लांबवली (पाव तरंगलांबी) तर १५०चे १७ होतात. परत येणारी पॉवर तितकीच, रेडिओची अवस्था मात्र अगदी उलटी! म्हणजे नुसत्या परत येणाऱ्या आकड्यावरून रेडिओचं काय होतंय हेसुद्धा सांगता येत नाही.

दादाला हे पटायला मीटर उघडून दाखवावा लागला. कारण त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता: "ह्याला कळतं कसं, कुठली लाट जाते आणि कुठली येते?" त्याला कळतच नाही! आत एक छोटं वेटोळं आहे, ते केबलमधला करंट बघतं. दोन कपॅसिटर आहेत, ते व्होल्टेज बघतात. दोघांची बेरीज केली की 'जाणारी', वजाबाकी केली की 'येणारी', आणि प्रमाण बसवलेलं असतं ५० ओहम धरून. कॉलिन्स कंपनीतल्या वॉरन ब्रूननं ही रचना १९५९मध्ये 'क्यूएसटी'त समजावून सांगितली आणि आजही बहुतेक मीटरांच्या पोटात तीच असते. म्हणजे मीटर लावलाय त्या जागी व्होल्टेज आणि करंट कसे आहेत एवढंच तो जाणतो. बाकी सगळा आपण लावलेला अर्थ. दादा बराच वेळ त्या वेटोळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हा ऑफिसातला कारकून. समोर आलेल्या कागदावरून सांगतो."

असो. हे झालं वाईट दिसणाऱ्या आणि चांगल्या असलेल्या आकड्याचं. खरी भीती दुसऱ्या प्रकाराची.

छोट्या, १४५ मेगाहर्ट्झच्या अँटेनाची एसडब्ल्यूआर मे २०२२मध्ये १.६ होती. दादाच्या वहीत तारखेसकट नोंद आहे. २५ वॅट जात होते, सव्वा वॅट परत येत होता. दोन पावसाळे गेले. ऑक्टोबर २०२३मध्ये मी दिवाळीआधी चिपळूणला गेलो तर दादा खूश. "बघ, १.१! काटा जागचा हलत नाही. अँटेना सेट झाली आता."

इकडे सावर्ड्याचे एक काका, आमचे नेहमीचे ऐकणारे, गेले दोन महिने कुरकुरत होते. "तुम्ही लोक कुठून बोलताय, विहिरीतून?" दादाचं म्हणणं, काकांचा रेडिओ जुना झालाय. आपला मीटर बघा की.

मला खटकलं ते एवढंच की अँटेनाला दोन वर्षांत कोणी हात लावला नव्हता. आमच्या धंद्यात एखादा बग कोणी काही न करता नाहीसा झाला की सीनियर लोक खूश होत नाहीत, धास्तावतात. अँटेनासुद्धा आपोआप सुधारत नाही. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत तर नाहीच नाही.

गच्चीवर चढलो, अँटेना केबलवरून सोडवली आणि केबलचं टोक तसंच मोकळं ठेवलं. खाली दादानं रेडिओ अगदी कमी पॉवरवर ठेवून क्षणभर बटण दाबलं. टोकाला काहीच नाही, म्हणजे तिथपर्यंत पोचलेलं सगळंच्या सगळं परत फिरायला हवं, काटा धाडकन वर जायला हवा.

"किती?" मी वरून ओरडलो.

खालून काही उत्तर येईना. मग दादा स्वतःच वर आला. "१.३," तो म्हणाला. "अरे, अँटेनाच नाहीये आणि हा म्हणतो सगळं छान आहे?"

मग दुसरा मीटर आणि ५० ओहमचा डमी लोड केबलच्या वरच्या टोकाला लावून मोजलं. खालून २५ वॅट निघत होते. वर पोचत होते ३. बाकीचे २२ वॅट केबल तापवत होते. वरच्या कनेक्टरवरची टेप उन्हानं तडकली होती, तिथून पाणी शिरलं होतं आणि जाळीच्या तांब्यामधून केशिकेसारखं मीटर-मीटर आत झिरपलं होतं. सुरीनं साल काढली तर तांबं काळंठिक्कर.

आता त्या 'छान' आकड्याचा अर्थ लागतो. वर पोचलेल्या ३ वॅटपैकी समजा एक चतुर्थांश अँटेनानं नाकारले. पाऊण वॅट परत निघाला. खाली येताना केबलनं त्याचीही तीच गत केली. मीटरपर्यंत आला एक दशांश वॅटपेक्षाही कमी. काटा कशाला हलतोय? परत येणारी पॉवर शून्य होती कारण परत यायला काही शिल्लकच राहिलं नव्हतं. त्या डमी लोडचंच बघा ना. डबीत बंद केलेला ५० ओहमचा रेझिस्टर. जगातली सगळ्यात सुंदर एसडब्ल्यूआर त्याची, बरोब्बर १. आणि त्याचा आवाज शेजारच्या खोलीच्या पलीकडे जात नाही.

मी दादाला सर्व्हरची गोष्ट सांगितली. एरर शून्य म्हणून सगळे निवांत बसलेत आणि खरं म्हणजे रिक्वेस्टच पोचत नाहीयेत, मग एरर येणार कुठून? त्यानं मान हलवली, पण त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"आमच्याकडे हे चालणारच नाही," तो म्हणाला. "आमचे सिग्नल चार ते वीस मिलिअँपिअर असतात. टाकी रिकामी असली तरी चार येतात. शून्य आलं म्हणजे टाकी रिकामी नव्हे, वायर तुटली. म्हणून शून्यात जीव ठेवलेला असतो. ह्या मीटरचं शून्य मेलेलं आहे. त्यानं सगळं घेतलं म्हणूनही शून्य, आणि वाटेत सगळं खपलं म्हणूनही शून्य."

लाइव्ह झीरो हा शब्द मी पूर्वी कुठेतरी वाचला होता. त्याचा उपयोग गच्चीवर उन्हात बसून, हातात काळं पडलेलं तांबं धरून कळला. आणि हे नुसतं तांत्रिक राहत नाही. पुरात वीज नसते, रेडिओ बॅटरीवर चालतो. २५ वॅटसाठी लागणारा करंट बॅटरी इमानेइतबारे देत राहणार, त्यातले ३ गच्चीतून बाहेर पडणार, आणि समोर मीटर सांगणार की काळजी नको. सावर्ड्याला ऐकू गेलं नाही तर आपण म्हणणार, काका झोपले असतील.

त्याच दिवशी संध्याकाळी केबल मागवली, या वेळी १४५लाही जाड, वीस मीटर. कनेक्टरवर आधी रबरी चिकटणारी टेप, तिच्यावर साधी टेप, आणि केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथूनच ठिबकेल. दादानं एक नॅनोव्हीएनए पण घेतला. काही हजारांत मिळणारं हे हातात मावणारं यंत्र आहे. केबलचं टोक मोकळं सोडायचं, परत येणारा सिग्नल किती डेसिबल खाली आहे ते बघायचं आणि त्याचं निम्मं करायचं. निम्मं, कारण जाऊन-येऊन दोन फेऱ्या. तो केबलचा तोटा. जुन्या केबलचा ९च्या वर निघाला, नव्या केबलचा पावणेदोन.

नवी केबल जोडल्यावर वर १६ वॅट पोचले. सावर्ड्याच्या काकांनी पहिल्याच हाकेला उत्तर दिलं आणि वर विचारलं, विहिरीतून बाहेर आलात का म्हणून. मीटर मात्र १.१वरून १.७वर गेला होता.

आत्या चहा घेऊन वर आली होती, तिनं काटा बघितला. गेले दोन महिने दादा तिला १.१चं कौतुक ऐकवत होता. "अरे, हे वाढलं की! बिघडवलंत ना?"

दादानं कप बाजूला ठेवला, रेडिओच्या टेबलामागच्या भिंतीवर पेन्सिलनं तारीख टाकली आणि खाली दोन आकडे लिहिले: 'अँटेना लावून १.७. अँटेना काढून ५.' आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दोन्ही मोजतो आणि मला कळवतो. १.७चं त्याला फारसं काही नसतं. पाचाचे साडेचार झाले की मात्र शिडी निघते.